डफ, तुणतुणं आणि चार-पाच वर्षं

मुरबाडहून कर्जतकडे जाणारा रस्ता धरा. आज तो डांबरी आहे. तुम्ही ज्यावरून चालणार आहात तो धुळीचा आहे आणि त्याच्यावर बैलगाड्यांची रांग लागली आहे. १९४४ साल सरत आलं आहे. पौष पौर्णिमा आली, म्हशाची जत्रा भरली.

अंगावर घोंगडी घ्या. थंडी कडाक्याची आहे आणि घोंगड्या इथेच मिळतात, घासाघीस करून. पूर्वेकडे गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. त्याच डोंगररांगेत सिद्धगड आहे. त्याचं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणतात. दोन वर्षांपूर्वी, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे, त्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. इंग्रज सरकारविरुद्ध लढणारा कोतवालांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडत होता. गाव आणि मुंबईचं गिरणगाव यांना जोडणारी एक तार या डोंगरांतून जात होती, आणि ती कुणी का तोडावी हे इथल्या कुणब्यांना आणि ठाकरांना सांगावं लागलं नव्हतं.

खांबलिंगेश्वराच्या देवळापुढे नवस फेडणाऱ्यांची गर्दी आहे. पाठीत गळ टोचून घेणारेही त्यात आहेत. थोडं पुढे बैलबाजार. दावणीला बांधलेल्या जोड्यांपुढे दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. भाव तोंडातून बाहेर पडत नाही. बाजारातली बोलणी मात्र उघड चालली आहेत. सरकारी लेव्हीत किती भात गेलं, रॉकेल कुठे मिळतं, धोतरजोडी काळ्या बाजारात कितीला पडली. महायुद्धाचं सहावं वर्ष चालू आहे. इथून कुणी लढायला गेलं असो वा नसो, युद्ध प्रत्येक घरातल्या कणगीपर्यंत पोचलं आहे.

रात्री कनातीकडे चला. ग्यासबत्त्या पेटल्या आहेत, ढोलकीवाल्याने ढोलकी सुरात लावून घेतली आहे. तमाशा सुरू होतो तो नेहमीच्याच क्रमाने. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण: कृष्ण, पेंद्या, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आणि त्यांची मावशी. मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. तुमच्या शेजारी बसलेला म्हातारा सांगतो, “दादा, वग लागला म्हंजे उठू नका. खरी गंमत तिथंच हाय.”

वगात राजा आहे, प्रधान आहे आणि सोंगाड्या आहे. राजा हुकूम सोडतो, सोंगाड्या तो मुद्दाम चुकीचा ऐकतो आणि राजाचंच हसं करतो. कनात हसण्याने फुटते. दिवसभर सावकारापुढे मान खाली घालून उभा असलेला माणूस इथे राजाला हसतो आहे. हे हसू नीट ऐकून ठेवा. याच हसण्यावर महाराष्ट्रातल्या एका गाण्याच्या पथकाने आपला सगळा डाव मांडला. त्या पथकाचं नाव लाल बावटा कलापथक. ते उणंपुरं चार-पाच वर्षं जोमात चाललं आणि मग विखुरलं.

आता एक-दोन वर्षं मागे या आणि मुंबईत उतरा.

माटुंग्याचा लेबर कॅम्प. दाटीने उभ्या खोल्या, मधून वाहणारी गटारं आणि रात्रभर डास. इथे राहणारा एक तरुण अक्षरं जुळवून वाचायला शिकला आहे. तुकाराम भाऊराव साठे हे त्याचं नाव. सगळे त्याला अण्णाभाऊ म्हणतात. तो १ ऑगस्ट १९२० ला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात मातंग कुटुंबात जन्मला. शाळेचा आणि त्याचा संबंध दीड दिवसाचा. आईबापांबरोबर वाटेगावाहून मुंबईपर्यंत तो पायी आला, वाटेत मिळेल ते काम करत. मुंबईत त्याने हमाली केली, गिरणीत काम केलं. नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशाच्या फडात तो गेला आणि तिथे वाद्यं हातात घेतली. लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी गाठ पडली. पहिलं गाणं लिहिलं ते कॅम्पातल्या डासांवर.

त्याच्या खोलीच्या दारात उभे राहा. बाहेर बसलेली माणसं ते डासांचं गाणं ऐकून हसतात आणि हसता हसता गप्प होतात, कारण ते डास त्यांच्याच अंगावर बसलेले आहेत. जे रोज सोसतो ते गाण्यात येऊ शकतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळतं आहे. १९४३ मध्ये अण्णाभाऊ स्टालिनग्राडचा पोवाडा लिहितात. व्होल्गेच्या काठावर काय चाललं आहे हे परळ-लालबागच्या कामगाराला डफावर ऐकायला मिळतं. त्याच साली बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मरत आहेत. अण्णाभाऊ बंगालच्या हाकेवर पोवाडा रचतात.

दुसऱ्या आवाजाचं गाव बार्शी. मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६. आई मुनेरबी ओव्या आणि लोकगीतं म्हणायची. गाणं तिच्याकडून आलं. मेहबूबने मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, गिरणीत काम केलं, संपात उतरला, तुरुंगात गेला. पुढे कोल्हापूरच्या सिनेमाच्या दुनियेत तो अमर शेख झाला. त्याला ऐकायचं असेल तर मैदानाच्या अगदी मागच्या टोकाला जा. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला शब्द न् शब्द कळेल असा पहाडी आवाज आहे तो. डाव्या हातात डफ, उजव्या हाताची थाप, आणि पहिल्या हाकेला मैदान उठून बसतं.

तिसरे द. ना. गवाणकर, स्वतः लिहिणारे आणि स्वतः गाणारे शाहीर. या तिघांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. वर्षभर आधी, मे १९४३ मध्ये, मुंबईतच इप्टा म्हणजे भारतीय जननाट्य संघ स्थापन झाला होता. नाटकवाले, सिनेमावाले, कवी, नर्तक त्यात होते. पण गिरणगावच्या चाळींत आणि घाटावरच्या गावांत जायचं तर तिथल्या माणसाच्या कानाला ओळखीचं असलेलं गाणं हवं होतं. ते या तिघांकडे होतं, कारण ते तिथूनच आले होते.

तालमीला बसा. एखाद्या चाळीतली खोली, जमिनीवर सतरंजी. डफ, तुणतुणं, ढोलकी, झांजा. मध्ये शाहीर आणि मागे झीलकरी. झीलकऱ्याचं काम सोपं वाटतं: शाहिराने ओळ टाकली की शेवटचा तुकडा उचलायचा, ‘जी जी’ लावायचं. पण अर्धा क्षण उशीर झाला तर पोवाड्याची चढती लय तुटते, आणि अर्धा क्षण लवकर उचललं तर शाहिराचा शेवटचा शब्द झाकला जातो. शेवटच्या शब्दातच टोला असतो. म्हणून हे झीलकरी दिवसभर साच्यावर उभे राहून आले तरी पुन्हा पुन्हा तीच उचल घेत बसतात. त्यांना बिदागी मिळत नाही. उद्या सकाळची पाळी चुकवता येत नाही.

याच तालमीत एक मोठा बदल घडतो आहे. म्हशाच्या कनातीत तुम्ही गण ऐकलात, तो गणपतीचा होता. अण्णाभाऊंच्या गणात मातृभूमीला, तिच्यासाठी मेलेल्यांना आणि राबणाऱ्या हातांना वंदन आहे. गौळण त्यांनी काढून टाकली. मावशी गेली, पेंद्या गेला. बतावणीतली सवाल-जवाबाची धार मात्र ठेवली. वग ठेवला आणि त्यातल्या राजाच्या जागी शेटजी, सावकार, काळाबाजारवाला आणून बसवला. सोंगाड्या तोच आहे, त्याचा मुद्दाम चुकीचा ऐकणारा कानही तोच आहे. फक्त तो आता कुळाच्या किंवा कामगाराच्या वेशात आहे. कनातीतलं ते हसू होतं तसंच उचलून त्यांनी त्याला खरा पत्ता दिला.

आता परत ठाणे जिल्ह्यात या. ७ जानेवारी १९४५. म्हशाहून मुरबाड, मुरबाडहून कल्याणचा रस्ता, गोवेलीला वळून काळू नदीच्या काठचं टिटवाळं. गणपतीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात आज किसान सभेची, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची परिषद भरली आहे. तिच्यासाठी गोदावरी परुळेकर जिल्ह्यातली गावं पायी हिंडल्या आहेत. पुण्याच्या सुखवस्तू घरातली, कायद्याची पदवी घेतलेली ही बाई शेतकऱ्याच्या पडवीत झोपली, मिळेल ती भाकर खाल्ली. त्यांचे पती शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर आहेत.

गर्दीत नीट पाहा. उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले आहेत. अंगावर लंगोटी, एवढी माणसं एकत्र त्यांनी कधी पाहिलेली नाहीत. वेठबिगार बंद करा असं कुणी चारचौघांत, मोठ्याने, मालकाचं नाव घेऊन म्हणू शकतं हे ते इथे ऐकतात. परत जाताना ते किसान सभेचा लाल बावटा सोबत नेतात. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची परिषद भरते. पुढे पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, अशी मागणी उभी राहते. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत त्यांच्या घामावर निघत होतं. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलीस गोळी चालवतात. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे मरतात. तरी वेठ परत येत नाही. गोदावरीबाईंनी हे सारं पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं.

त्या काळात खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांचे मेळावे भरत होते आणि हे कलापथक तिथे जात होतं. त्यातल्या एखाद्या रात्री तुम्ही बसला आहात असं समजा. गावाचं नाव नको. भात झोडून झाल्यावरचं मोकळं खळं पुरे. मंचाला पडदा नाही. चार बांबू आणि एक सतरंजी. मागे झाडाला बावटा बांधला आहे. अमर शेख पुढे येतात आणि डफावर पहिली थाप पडते. बायका मुलांना पदराखाली घेऊन पुढे सरकतात. आधी पोवाडा, मग ‘अकलेची गोष्ट’.

‘अकलेची गोष्ट’ हा अण्णाभाऊंचा वग शेतकरी आणि त्याला नागवणारे यांच्याबद्दलचा आहे. सुरुवातीला खळं सावधपणे बघतं. मंचावरचा सावकार बोलायला लागतो आणि पहिल्या चार वाक्यांत सगळ्यांना तो ओळखू येतो. तो पाय कसा पसरून बसतो, आकडा सांगताना घसा कसा खाकरतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं आहे. कुणीतरी हलकेच हसतं. मग शेजारचा. मग सगळं खळं. जत्रेतल्या कनातीत लोक अनोळखी राजाला हसत होते. इथे ते ज्याला हसतात त्याच्या वहीत त्यांची नावं आहेत, आणि उद्या सकाळी तो रस्त्यात भेटणार आहे. त्या हसण्याने अंगात बळ येतं. भाषणाने जे तासाभरात साधत नाही ते दोन संवादांत साधलेलं तुम्ही डोळ्यांनी पाहता.

प्रयोग संपल्यावर कलाकार कुठे जातात ते बघायला थांबा. त्यांना वेगळं जेवण नाही. कुणाच्या तरी घरून भाकरी-ठेचा येतो, तो खाऊन तिथेच घोंगडीवर आडवे होतात. सकाळी एस.टी. नाही, कारण एस.टी. अजून जन्मायची आहे; ती १९४८ ला येईल. डफ खांद्याला लावून स्टेशनपर्यंत चालायचं.

१९४६. परळच्या कामगार मैदानात उभे राहा. फेब्रुवारीत नाविकांनी बंड केलं, त्यांना पाठिंबा म्हणून गिरणगाव बंद झालं आणि २२ तारखेला परळमध्ये गोळी चालली. कमल धोंदे त्यात गेल्या. या वस्तीला आता नुसत्या करमणुकीची गाणी पुरत नाहीत. निवडणुका होतात तेव्हा अण्णाभाऊ ‘शेटजींचे इलेक्शन’ लिहितात. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर गोळीबार होतो, त्यांच्या हुतात्म्यांचा पोवाडा तयार होतो. फाळणीच्या आगीत पंजाब आणि दिल्ली पेटतात, त्यावर पोवाडा. तेलंगणात शेतकरी उठतात, त्यावर पोवाडा. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या माणसाला आठवड्याची बातमी या पथकाकडून कळते, आणि बातमीबरोबर त्या बातमीत आपण कुठे आहोत हेही कळतं.

अण्णाभाऊंचा ‘माझी मुंबई’ हा वग ऐका. मुंबई कुणाची, हा त्याचा प्रश्न. गोदीत ओझी उचलणाऱ्याची, साच्यावर उभा राहणाऱ्याची, की ज्याच्या तिजोरीत पैसा आहे त्याची? संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटायला अजून काही वर्षं आहेत, पण त्या चळवळीचा मुख्य सवाल ढोलकीवर आधीच वाजला आहे.

याच सुमारास वाट अरुंद होत जाते. स्वातंत्र्य आलं. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सरकारविरुद्ध लढ्याची भूमिका घेतली आणि सरकारने पक्षावर कारवाई सुरू केली. कार्यकर्ते तुरुंगात गेले, काही भूमिगत झाले. त्याच काळात तमाशावर बंदी आली, आणि लाल बावटा कलापथकाचे कार्यक्रमही बंदीत सापडले. मैदानाबाहेर पोलीस उभे आहेत. डफ जप्त होईल म्हणून तो एका घरातून दुसऱ्या घरात हलवला जातो.

अण्णाभाऊंनी या बंदीला दिलेलं उत्तर मराठी रंगभूमीला पुढे फार उपयोगी पडलं. तमाशावर बंदी असेल तर आमचं हे लोकनाट्य आहे, असं ते म्हणाले. सामान तेच, माणसं तीच, नवं नाव. पुढच्या दोन दशकांत शहरातल्या नाट्यगृहांत लोकनाट्य या नावाने जे गाजलं, त्याची वाट या बंदीच्या दिवसांत निघाली. पण पथक म्हणून लाल बावटा या माऱ्यातून एकसंध बाहेर पडलं नाही. तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अमर शेख स्वतःचं कलापथक घेऊन गावोगाव फिरत राहिले. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिराग नगरातल्या झोपडीत कथा-कादंबऱ्या लिहीत बसले. गवाणकर गात राहिले.

तीन ताकदीची माणसं एका मंचावर फार दिवस राहत नाहीत, हे जगभर दिसतं. न्यूयॉर्कमध्ये १९४१ च्या सुमारास अल्मनॅक सिंगर्स नावाचा गट उभा राहिला: वुडी गथ्री, पीट सीगर, ली हेज, मिलर्ड लॅम्पेल. संपांसाठी, युनियनसाठी गाणारा हा गट दोनेक वर्षांत विखुरला. यश, थकवा, स्वभाव, पैसा, अशी कारणं अशा गटांच्या फुटण्यामागे असतात. लाल बावट्याच्या बाबतीत त्यांत तुरुंग आणि बंदी यांची भर पडली. आणखी एक फरक आहे. त्या गटाच्या तबकड्या बाजारात राहिल्या. आपल्या पथकाचं गाणं मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या तोंडी राहिलं.

ते किती घट्ट राहिलं हे पाहायला १९५६ मध्ये या. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत गोळीबार झाला आहे, जानेवारीत पुन्हा झाला आहे. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आहे. शिवाजी पार्कवर आचार्य अत्रे बोलणार आहेत, पण सभा भरायला सुरुवात होते ती शाहिरांच्या आवाजावर. अमर शेख, गवाणकर, अण्णाभाऊ पुन्हा एका चळवळीच्या मंचावर आहेत. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ गायली जाते. गावाला बायको सोडून मुंबईत आलेल्या कामगाराची ही छक्कड शेवटाकडे वळण घेते आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या महाराष्ट्राबाहेर ठेवलेल्या मुलखाच्या विरहाची होते. उंबरगाव हे नाव आलं की तुम्हाला टिटवाळ्याच्या गर्दीतले ते वारली आठवतील. १ मे १९६० ला राज्य झालं, तेव्हा उंबरगाव तालुक्याचा तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात राहिला आणि उंबरगाव गुजरातेत गेलं.

बाकीची वर्षं भराभर ओलांडा. १९५९ मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले. अमर शेखांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह आले. ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांनी काम केलं. मग १९६९ चा पावसाळा. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, गरिबीत. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. पथकाची लेखणी आणि पथकाचा गळा एकाच पावसाळ्यात थांबले.

आजच्या दिवसात परत या आणि हिशेब करा. चार-पाच वर्षं टिकलेल्या या पथकाने मराठी माणसाला तीन गोष्टी दिल्या. तमाशाच्या साच्यात राजाच्या जागी सावकार बसवता येतो हे दाखवलं. लोकनाट्य हा प्रकार दिला. आणि मुंबई कुणाची, हा सवाल गिरणगावाच्या ओठांवर ठेवला, जो पुढे राज्य घडवणाऱ्या चळवळीचा सवाल झाला. इतकं काम पन्नास वर्षं चाललेल्या अनेक संस्थांच्या खात्यावर नाही. पथक लवकर फुटलं म्हणून त्याला अपुरं म्हणणं चूक आहे. ज्या कामासाठी ते उभं राहिलं ते काम त्याने पुरं केलं.

अपुरं राहिलं आहे ते आपलं काम. अण्णाभाऊंचे पुतळे उभे आहेत, त्यांचं नाव रस्त्यांना आहे. अमर शेखांवर लिहिलं गेलं आहे. पण डफामागे उभे राहून ‘जी जी’ उचलणारे झीलकरी, ढोलकीवाले, तुणतुणं धरणारे, डफ लपवून ठेवणाऱ्या घरच्या बायका, भाकरी आणून देणारी गावं यांची नावं फारशी कुठे उतरलेली नाहीत. गाण्याचा गट कधीच फक्त पुढे उभ्या असलेल्या तिघांचा नसतो.

तुमच्या घरात, तुमच्या चाळीत, मुरबाड-शहापूरच्या तुमच्या गावात किसान सभेच्या मेळाव्याला गेलेलं, संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत झील धरलेलं, किंवा म्हशाच्या कनातीत वग ऐकून वाढलेलं माणूस अजून असेल. या पौषात त्यांच्यापुढे बसा. त्यांना येतं ते म्हणायला सांगा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि त्याखाली कोण म्हणालं, कुठे ऐकलं, कोणतं साल आणि मागे झीलकरी कोण होते, हे नावानिशी लिहून ठेवा. पुढच्या पौषाची वाट पाहू नका.